छताचा आवाज ओळखणारा अभियंता हवा
खाण अभियांत्रिकीच्या पदवीधरांना संगणकीय आराखडे, सर्वेक्षण आणि खर्चाचा अंदाज यांत पारंगत असावे लागते, हे खाण अभियंत्यांच्या कौशल्यांविषयीच्या आपल्या लेखातील म्हणणे योग्यच आहे. मात्र भूमिगत खाणीत उभे राहून निर्णय घेण्याची क्षमता त्यात एका ओळीत उरकली गेली, याची रुखरुख वाटते. हवेत मिथेनचे प्रमाण सुमारे ५ ते १५ टक्के असेल तर स्फोट होऊ शकतो, हे परीक्षेत सगळेच लिहितात. पण हा वायू हवेपेक्षा हलका असल्याने छतालगत साचतो आणि म्हणून मापकयंत्र कमरेच्या उंचीवर धरून घेतलेली नोंद फसवी ठरू शकते, हे हाताच्या सवयीत उतरावे लागते. तीच गोष्ट छताची. लोखंडी पहारीने ठोकल्यावर घट्ट खडक खणखणीत वाजतो, सुटलेला थर मात्र पोकळ, बद्द आवाज देतो. अनुभवी कामगाराला हा फरक क्षणात कळतो, आणि त्याचे ऐकून काम थांबवण्याचे धैर्य नव्या अभियंत्याकडे असलेच पाहिजे, मग उत्पादनाचे उद्दिष्ट कितीही तोंडावर आलेले असो. कामगारांशी त्यांच्या भाषेत बोलता येणे, हेही मी तांत्रिक कौशल्यच मानतो. वायुवीजन (खाणीत हवा खेळती ठेवणे) आणि खडक यांत्रिकी (खडकाची ताकद व हालचाल यांचा अभ्यास) या विषयांत खाणीतील प्रात्यक्षिकाला निम्मे तरी गुण असावेत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.