नामावळीतला तिसरा भाऊ

रहस्यकथांमधल्या घरगुती गुपितांवरचा लेख मनापासून आवडला. पण त्यातल्या माळ्यावरच्या पेटीतल्या पत्रांइतकाच भक्कम पुरावा आपल्याकडे नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे, म्हणजे यात्रेकरूंचे विधी करणाऱ्या गुरुजींकडे, असतो, तो लेखात यायला हवा होता. मूळ गाव आणि आडनाव सांगितलं की गुरुजी नामावळीचं, म्हणजे घराण्यातल्या नावांच्या नोंदींचं, बाड काढतात. यात्रेला आलेला माणूस त्यात भाऊ, मुलगे, पुतणे लिहून खाली सही करतो. आमच्या पणजोबांनी तीन भाऊ लिहिलेत. घरात नाव निघायचं ते दोघांचंच. तिसऱ्याचं विचारलं तर आत्याने विषयच बदलला! अशी कथा कुणीतरी मराठीत लिहावी, खून नसला तरी चालेल. जाणार असाल तर मोडी लिपी वाचणारं माणूस सोबत न्या, जुनी पानं बरीचशी मोडीतच आहेत.