ती 'सिक्रेट सेटिंग'वाली रील अन् माझं भीमगीत

सध्या नागपुरातल्या होम स्टुडिओवाल्या पोरांच्या ग्रुपात एक रील फिरून राहिली आहे: मास्टर बसवर (जिथून अख्खं गाणं बाहेर पडते) कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारं यंत्र) टाका, रेशो (किती जोरानं दाबायचं) 4:1, अटॅक (किती लवकर दाबायचं) एकदम फास्ट, सुई 6 डीबी खाली (म्हणजे आवाज तेवढा दाबलेला), आणि हे सगळं मिक्स संपल्यावर. गाणं कोणतंही असो, आपोआप 'ग्लू', म्हणजे एकजीव, होते म्हणे.

आधी अटॅक. मागच्या वर्षी दीक्षाभूमीच्या सोहळ्याआधी एक भीमगीत मिक्स करत होतो, ढोलक, कीबोर्डचा बेस आणि कोरस, आणि 0.1 मिलिसेकंदावर ढोलक जणू कोणी उशीवर वाजवून राहिलं, 30 वर नेलं तेव्हा कुठं थाप परत आली. शिवाय 50 हर्ट्झच्या बेसची एक लाट 20 मिलिसेकंदांची असते, अटॅक आणि रिलीज (दाबलेला आवाज किती वेळात सोडायचा) दोन्ही त्याहून फास्ट ठेवले तर कॉम्प्रेसर लाटेच्या आतच हात घालतो आणि बेस फाटतो.

4:1 वर माझा राग नाही. एसएसएल या मिक्सिंग कन्सोलवाल्या कंपनीच्या त्या गाजलेल्या बस कॉम्प्रेसरवर 2, 4 आणि 10 एवढेच रेशो, त्यातला 4 लोक सर्रास वापरतात. पण 6 डीबी? काहून? हा अख्ख्या गाण्यावर बसलाय भाऊ, एका ट्रॅकवर नाही. किक पडली की गायकही खाली जातो. मी 1-2 डीबीवर थांबतो, फार तर 3, आणि साइडचेनला (कॉम्प्रेसर जे ऐकून किती दाबायचं ठरवतो त्याला) साधारण 100 हर्ट्झचा हाय-पास (खालचे सूर गाळणारा फिल्टर) लावतो, म्हणजे सुई बेसच्या तालावर नाचत नाही.

रिलीजबद्दल तर रीलमध्ये चकार शब्द नाही! खरा खेळ तिथंच आहे. ते भीमगीत 96 बीपीएमचं (मिनिटाला 96 बीट), म्हणजे 60,000 भागिले 96, एक बीट 625 मिलिसेकंदांची. रिलीज 1.2 सेकंद ठेवला तर पुढची थाप आली तरी सुई वर आलेली नसते. 0.3 वर ती बीटसोबत श्वास घ्यायला लागली.

शेवटी लावायचं म्हणता, तर मग बॅलन्स बदलतो आणि तुम्ही परत सगळे फेडर हलवत बसता. मी कच्चा बॅलन्स झाला की लावून त्याच्यातूनच मिक्स करतो.

आणि "ऑन केलं की भारी वाटते" हे मेकअप गेनमुळे (दाबल्यावर आवाज परत वाढवतात ते), मोठा आवाज कानाला गोडच लागतो. मी कॉम्प्रेसरवालं आणि बायपासवालं (कॉम्प्रेसर बंद) दोन्ही सारख्या आवाजात लावून, कोणतं काय ते न सांगता ऐकवलं, तर रील पाठवणाऱ्या पोरानंच बायपासवालं निवडलं. मग म्हणे, हेडफोन बदलून पाहू.