वाक, नाहीतर कुरकुर

इंग्लंडात, सफोकमधल्या एका खेड्यात आम्ही घर घेतलं. सतराव्या शतकातला पब. ‘आता त्याचं घर झालंय’ असं एजंट म्हणाला आणि आम्ही विश्वास ठेवला. घराला मात्र हे कोणी सांगितलेलंच नाही.

पहिलं दुखणं तुळईचं. ओकची, काळीकुळकुळीत, जमिनीपासून साडेपाच फुटांवर. मी पाच फूट नऊ. वरचे तीन इंच ती रोज मोजून घेते. तिच्यावर पबवाल्यांची जुनी पाटी आहे: ‘डक ऑर ग्राउस’. दोन्ही पक्षीच, पण डक म्हणजे वाक आणि ग्राउस म्हणजे कुरकुर. मी दुसराच पक्षी पाळलाय. तुळई जरा तासून घ्यावी म्हटलं, तर इमारत ‘ग्रेड टू’ संरक्षित. विनापरवाना करवत लावली तर फौजदारी गुन्हा. टेंगळाला परवानगी लागत नाही.

भिंती चुन्याच्या. गवंडी म्हणाला, “सिमेंट लावू नका, श्वास घेऊ द्या त्यांना.” घेतात की! नोव्हेंबरात तर दमेकऱ्यासारख्या. 2007 साली इथल्या पबांत धूम्रपानबंदी आली, पण आमचं छत अजून विडीच्या रंगाचं.

मग साताऱ्याहून आई आली. “गुत्त्यात देव कुठे मांडू रे?” दोन दिवस फिरून तिने जागा शोधली: काउंटरमागची बाटल्यांची फळी. मागे आरसा. “दोन देवांचे चार दिसतात,” म्हणाली. काउंटर उभ्याने कोपर टेकायच्या उंचीचं, म्हणून पोळ्या लाटताना ती पाटावर उभी राहते. पूर्वी पिंपं रस्त्यावरच्या झडपेतून ज्या तळघरात उतरवत, तिथे तिने दही लावलं. बिअरसाठी थंड राखलेली जागा ती. चार दिवसांनीही दूधच.

परवा दार ढकलून ऐंशीच्या घरातले एक आजोबा आत आले. बोलता बोलता, वर न बघता, तुळईखाली त्यांची मान बरोब्बर तिरकी झाली. येऊन काउंटरवर कोपर टेकला. आईने काही न विचारता आल्याचा चहा पुढे ठेवला. त्यांनी तो संपवला आणि नाणी मोजून काउंटरवर ठेवली.

“राहू दे,” आई मला म्हणाली, “भवानी आहे.”

छे, पैसे कसले घ्यायचे! मी नाणी उचलून लगबगीने त्यांच्या मागे निघालो.

ठण्ण!

दारातून, मागे वळूनही न बघता, आजोबा म्हणाले, “डक.”