एकदाचं मरू द्या की त्यांना!

आधीच सांगते, खाली स्पॉयलरचा खच पडलाय. ‘थंडरबोल्ट्स’, नवा ‘सुपरमॅन’ आणि ‘फॅन्टास्टिक फोर’ बघायचे राहिले असतील तर इथूनच परत फिरा. नंतर माझ्या नावाने शंख करू नका.

सुपरहिरो सिनेमांचा लोकांना कंटाळा आलाय, हे वाक्य गेली दोनतीन वर्षं जो उठतो तो म्हणतोय. पुरावाही ठरलेला. २०१९ च्या ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’ने जगभरात जवळपास २८० कोटी डॉलर कमावले आणि २०२३ चा ‘द मार्व्हल्स’ २० कोटींच्या आसपास येऊन बसला. बघा, संपला विषय! मग २०२४ मध्ये ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’ने १३० कोटींचा टप्पा ओलांडला तो कुणाच्या जिवावर? कंटाळलेल्या लोकांच्याच ना?

मला विचाराल तर कंटाळा सुपरहिरोंचा नाही आलेला. तिथे आता कुणी मरतच नाही, आलाय तो ह्याचा. म्हणजे मरतात, पण कामचलाऊ. चार महिन्यांनी दुसऱ्या विश्वातून, दुसऱ्या काळातून तोच चेहरा हजर. गमोरा गेली, आली. लोकी किती वेळा गेला हे मोजणं मी कधीच सोडून दिलंय. पडद्यावर कुणी शेवटचा श्वास घेत असलं की हल्ली माझ्या डोळ्यांत पाणी येत नाही, डोक्यात हिशोब सुरू होतो: ह्याचा करार किती सिनेमांचा आहे?

‘इन्फिनिटी वॉर’च्या वेळीही हे माहीत होतंच म्हणा. खलनायक थॅनॉसने चुटकी वाजवून अर्धं विश्व पुसलं आणि स्पायडरमॅनची राख झाली, तेव्हा त्याचा पुढचा सिनेमा आधीच जाहीर झालेला होता. तरी पोटात खड्डा पडलाच. कारण ‘एंडगेम’ने ती माणसं परत आणली, पण फुकट नाही आणली. मधली पाच वर्षं कुणालाच परत मिळाली नाहीत. स्कॉट लँग, म्हणजे अँट-मॅन, घरी जातो आणि दारात त्याची एवढीशी पोरगी वयात आलेली उभी असते, तो प्रसंग आठवा. शिवाय टोनी, म्हणजे आयर्नमॅन गेला, नताशा, म्हणजे ब्लॅक विडो गेली. किंमत मोजली होती हो त्या सिनेमाने.

आणि ‘लोगन’, वुल्व्हरिनच्या मरणाचा सिनेमा! २०१७ साली त्याच्या थडग्यावरचा क्रूस त्याच्या मुलीने, लॉराने तिरका करून त्याचा एक्स केला, तेव्हा मी शेजारच्या अनोळखी बाईकडून रुमाल मागून घेतला होता. सात वर्षांनी ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’ उघडतो कुठे, तर त्याच थडग्यावर. डेडपूल ते उकरतो, आतला सांगाडा बाहेर काढतो आणि त्याच हाडांनी गाण्याच्या ठेक्यावर माणसं मारतो. मी हसले, खोटं कशाला बोलू? खळखळून हसले. ह्यू जॅकमन पिवळ्या पोशाखात दिसला तेव्हा शिट्टीही मारली. आता कुणीतरी सांगेलच की हा वुल्व्हरिन वेगळ्या विश्वातला, आपला लोगन मेलेलाच आहे. मान्य. पण हीच तर मेख आहे. मल्टिव्हर्स, म्हणजे ही शेजारीशेजारी नांदणारी अनेक विश्वं, हा लेखकांना सापडलेला मागचा दरवाजा. पुढच्या दाराने अंत्ययात्रा न्यायची आणि मागून त्याच माणसाला आत घ्यायचं.

‘द फ्लॅश’चा तर मला मनापासून राग आहे. त्याची कथाच मुळी अशी की बॅरी, म्हणजे फ्लॅश, भूतकाळात जाऊन आईला वाचवतो, सगळा विचका होतो, आणि शेवटी त्याला स्वतःच्या हाताने तिला वाचवणारा तो टोमॅटोचा डबा दुकानात आईच्या ट्रॉलीतून काढून परत ठेवावा लागतो. गेलेल्याला जाऊ द्यावं, एवढंच त्या प्रसंगाचं म्हणणं. सुंदर प्रसंग आहे. पण त्याच सिनेमात थोडं आधी, २००४ साली वारलेल्या ख्रिस्तोफर रीव्हचा, जुन्या सुपरमॅनचा, कॉम्प्युटरवर केलेला रबरी चेहरा आणून उभा करतात! स्वतःचाच सिनेमा बघितला नव्हता का त्यांनी?

‘क्वांटमेनिया’, ‘मॅडम वेब’, ‘क्रेव्हन’... जाऊ द्या. वेळ गेला, पैसे गेले, रागही टिकला नाही.

उलट दिग्दर्शक जेम्स गनला हे गणित कळलंय. ‘गार्डियन्स’च्या तिसऱ्या भागात रॉकेट मरणार असं सगळे धरून बसले होते. तो जगतो. टोळीतलं कुणीच मरत नाही. तरी सगळ्यात जास्त रडवलं ते ह्याच सिनेमाने, कारण रॉकेटचे लहानपणचे सवंगडी लायला, टीफ्स आणि फ्लोर मेले आहेत ते फ्लॅशबॅकमध्ये. ते आधीच घडून गेलंय, तिथे कुणाची चुटकी पोचत नाही. नव्या ‘सुपरमॅन’मध्येही त्याने तेच केलं. सुपरमॅन पहिल्याच दृश्यात हरून बर्फात आदळतो, खारीलासुद्धा वाचवतो, त्याचा कुत्रा क्रिप्टो त्याला फरफटत नेतो, हे सगळं आवडलंच. पण माझं बूड खुर्चीच्या टोकाला आलं ते मलिकच्या प्रसंगाला. साधा फलाफल विकणारा माणूस, एकदा सुपरमॅनच्या मदतीला धावला एवढाच त्याचा गुन्हा. खलनायक लेक्स त्याला सुपरमॅनसमोर गोळी घालतो. हा मलिक परत येणार नाही, हे त्या क्षणी थिएटरात प्रत्येकाला कळतं. कसली शांतता पसरली होती!

‘थंडरबोल्ट्स’ चालला नाही ह्याची मला खरंच हळहळ वाटते. त्यातल्या नायिकेचं, येलेनाचं दुःख खरं वाटतं, कारण तिची बहीण नताशा २०१९ पासून मेलेलीच आहे. कुणी तिला उचलून परत आणलेलं नाही. शेवटच्या लढाईत बॉब, अफाट शक्ती मिळालेला पण मनाने खचलेला पोरगा, स्वतःच्याच अंधाराला गुद्दे घालत सुटतो, आणि जितके घालतो तितका आत ओढला जातो. सोडवतात कसं, तर सगळे मिळून त्याला घट्ट धरून ठेवतात. बाकी त्या अंधाराने, म्हणजे व्हॉइडने, सावल्या करून टाकलेली माणसं शेवटी सुखरूप परत येतात, हो, आलं लक्षात माझ्या. ते मी पोटात घातलं.

‘फॅन्टास्टिक फोर: फर्स्ट स्टेप्स’ मात्र पोटात घालता येईना. काय सुरेख उभा केलाय तो सिनेमा! साठच्या दशकाने स्वप्नात पाहिलेलं भविष्य, जियाकिनोचं संगीत, आणि ग्रह गिळणाऱ्या गॅलॅक्टसने घातलेला पेच असा की बाळ द्या नाहीतर पृथ्वी द्या. बाळाची आई सू दोन्ही द्यायला नकार देते आणि सगळं बळ एकवटून गॅलॅक्टसला ढकलते. त्यातच कोसळते. मी मनात म्हटलं, वा, धीर दाखवला! तोवर बाळाला तिच्या अंगावर ठेवलं, बाळाने हात लावला, आई उठून बसली. माझ्या शेजारी टाळ्या वाजत होत्या. मी पॉपकॉर्नच्या तळाशी उरलेले दाणे चिवडत बसले.

आता पुढचा ‘अ‍ॅव्हेंजर्स’, ‘डूम्सडे’. टोनी स्टार्क मेला तर मेला, तो साकारणारा रॉबर्ट डाऊनी ज्युनियर खलनायक डॉक्टर डूम होऊन येतोय. चेहरा तोच, मुखवटा नवा. तारीख १८ डिसेंबर २०२६ लागलीय. ‘फर्स्ट स्टेप्स’च्या श्रेयनामावलीत हिरव्या झग्यातला तो डूम सूच्या लहानग्या फ्रँकलिनसमोर गुडघे टेकून बसलेला दिसतो, मुखवटा हातात, आपल्याकडे पाठ. एवढी बडबड केल्यावर मी काय करायला हवं होतं? उठून बाहेर पडायला हवं होतं. मी मान वाकडी करून चेहरा दिसतोय का बघत होते.