घासून आलेला

बेळगावहून चुलतभावाचा मेसेज आला: ‘स्क्वीकरला मराठीत शब्दच नाही, म्हणून आम्ही इंग्रजीच लिहितो.’ वर एका उमेदवारालाच हिणवून ‘स्क्वीकर’ म्हटलेलं. तेव्हापासून माझं डोकं तापलंय.

अठरा वर्षं अमेरिकेतल्या कोलंबसमध्ये काढलीत. इथला फुटबॉल संघ, बकआइज, एका फील्ड गोलनं, म्हणजे फक्त तीन गुणांनी, जिंकला की टेलगेटवर, स्टेडियमबाहेरच्या गाड्यांजवळच्या मेजवानीत, हा शब्द हमखास कानावर येतो. स्क्वीकर म्हणायचं ते अगदी थोडक्यात जिंकलेल्या सामन्याला, निवडणुकीला, माणसाला नव्हे. स्क्वीक म्हणजे उंदराची चीं, गंजल्या बिजागरीची करकर. अंग चोरून फटीतून बाहेर पडावं, तसा विजय. त्यात हिणवणं नसतं. २००० साली फ्लोरिडात बुश ५३७ मतांनी पुढे राहिले आणि राष्ट्राध्यक्ष झाले. इथं लोक मतमोजणीवर भांडले, शब्दावर नाही.

आपल्याकडचंच घ्या. २०२१ची बेळगावची लोकसभा पोटनिवडणूक. भाजपच्या मंगला अंगडी ५,२४० मतांनी आल्या, काँग्रेसचे सतीश जारकीहोळी पडले. महाराष्ट्र एकीकरण समितीच्या शुभम शेळकेंनी लाखावर मतं घेतली. भाऊ म्हणतो, पाच हजारांचं मताधिक्य म्हणजे स्क्वीकर कसलं? अरे, मतदान दहा लाखांवर झालं होतं. शेकडा काढ की. अर्धा टक्का!

त्याला खोडून काढायला मी ‘निसटता विजय’ लिहिलं, ‘काठावरचा’ लिहिलं. सगळे पेपरातले शब्द. मनाचं समाधान होईना. शेवटी आईला फोन लावला. अंगडीबाई जिंकल्या त्याला काय म्हणायचं गं?

“घासून आल्या म्हणायचं की. लई घासून आल्या बघ.”

मी गप्पच झालो. बेळगावात शहापुरातल्या आमच्या घरी माडीचं दार पावसाळ्यात फुगायचं, चौकटीला घासत, करकरत उघडायचं. खांदा लावला तरच आत जाता यायचं. इंग्रजी शब्दातला आवाज आईच्या शब्दात आधीपासून होता. मराठीत शब्द नाही म्हणणाऱ्या भावावर मी चिडलो, पण माझ्याही तोंडी तो आला नव्हता. अठरा वर्षांत जिभेवरून कधी गेला, कळलंही नाही.

त्या मतमोजणीच्या रात्री मी उजाडेपर्यंत लॅपटॉपपुढे बसून होतो, पाकिटाच्या पाठीवर फेरीफेरीचे आकडे लिहीत. माझा पासपोर्ट अजून भारताचाच आहे. यादीत नाव घालून घेता आलं असतं. मत टाकायला मात्र स्वतः केंद्रावर जावं लागतं. करोना होता, असं मी सगळ्यांना सांगतो. त्याआधीच्या निवडणुकांनाही मी गेलो नव्हतो.