प्रेमकथेत शेवटी ट्रक आलाच पाहिजे का?

दिवाळी अंकांचे दिवस जवळ आले की नाशिकमधली लिहिणारी मंडळी आपापल्या पाचशे शब्दांच्या प्रेमकथा माझ्याकडे वाचायला पाठवतात आणि माझं डोकं फिरतं. पुन्हा तोच पाऊस, तोच सोमेश्वरचा धबधबा, तीच ओली ओढणी. तिचे डोळे, तिचे केस, तिचं हसू यातच दोनशे शब्द खर्ची. उरलेल्यात ओळख, प्रेम, घरच्यांचा विरोध, आणि जागा संपत आली की ट्रक येतो. नाहीतर कॅन्सर. अरे, काय हे!

एवढ्या जागेत माणसं दोन, अडचण एक आणि प्रसंगही एकच मावतो. अडचण त्यांच्या स्वभावातून यावी आणि सोडवावीही त्यांनीच. एका नवोदित मुलीने हे अचूक साधलं होतं. सीबीएस बसस्थानकावर बस लागलीय, दोघांचा अबोला. तो खिडकीशी येऊन एवढंच विचारतो, ‘डब्यात लोणचं घेतलंस ना?’ संपली कथा. अंगावर काटा आला माझ्या! छापून आली तेव्हा लोणचं गायब आणि तिथे ‘माझं तुझ्यावर खूप प्रेम आहे’. वर संपादकांनी ऐकवलं काय, तर वाचकाला कळायला हवं!

वाचकाला सगळं कळतं हो. १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून तो कथा वाचतोय.

आणि ‘छोटीशीच तर आहे, अर्ध्या तासात होईल’ म्हणणाऱ्यांनी आधी दोन पानं लिहून त्यातलं एक कापून दाखवावं.