दुसऱ्याच्या गाड्या, आपला टोलनाका

सॉफ्टवेअरमध्ये गडगंज व्हायचंय? मग सगळ्यात आधी ते कोडिंगचे क्लास बंद करा. कोड लिहिणारी पोरं पैशाला पासरी मिळतात. घरात वकील आहे का ते बघा. बिल गेट्सनं १९५५ साली सिॲटलमध्ये जन्म घेतानाच ही काळजी घेतली होती: वडील वकील, आई मोठमोठ्या संस्थांच्या संचालक मंडळांवर. तुम्ही जन्माच्या वेळी गाफील राहिलात, त्याला आता आम्ही तरी काय करणार?

शाळाही बघून घ्या. लेकसाइड शाळेतल्या मुलांच्या आयांनी १९६८ मध्ये जुन्या वस्तूंची विक्री केली आणि त्या पैशातून मुलांसाठी टेलिटाइप टर्मिनल (दूरच्या कॉम्प्युटरला जोडलेलं टाइपरायटरसारखं यंत्र) आणि त्या कॉम्प्युटरचा वेळ घेतला. गेट्स तेव्हा आठवीत. तुमच्या पालक सभेनं पाण्याची टाकी बसवली असेल, तर चूक त्यांची आहे, पण फळं तुम्हालाच भोगायची आहेत.

पुढची पायरी सोपी. नसलेला माल विका. जानेवारी १९७५ च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’च्या मुखपृष्ठावर आल्टेअर ८८०० हा हौशी लोकांसाठीचा छोटा कॉम्प्युटर झळकला. गेट्स आणि पॉल ॲलन यांनी तो बनवणाऱ्या अल्बुकर्कच्या मिट्स कंपनीला कळवलं, की तुमच्या यंत्रासाठी बेसिक ही प्रोग्रॅम लिहायची भाषा तयार आहे. तयार काहीच नव्हतं, यंत्रही त्यांनी पाहिलेलं नव्हतं. ॲलननं हार्वर्डच्या पीडीपी-१० या मोठ्या कॉम्प्युटरवर आल्टेअरमधल्या ८०८० चिपची नक्कल उभी केली, गेट्सनं तिच्यावर भाषा रचली, दशांशाचं गणित मॉन्टी डेव्हिडॉफनं लिहिलं. सगळा ऐवज ४ केबीत, म्हणजे आजच्या एका सेल्फीत शेकडो वेळा मावेल एवढा. ॲलन प्रोग्रॅमची भोकं पाडलेली कागदी पट्टी घेऊन विमानात बसला आणि उतरता उतरता त्याला आठवलं, की पट्टी यंत्रात चढवणारा छोटा प्रोग्रॅम लिहायचाच राहिलाय. तो त्यानं तिथंच लिहिला. मिट्सच्या यंत्रानं विचारलं, मेमरी किती? त्यानं ७१६८ टाइप केलं. मग दोन अधिक दोन विचारलं. चार आले.

नवशिका इथं पेढे वाटतो. तुम्ही भागीदारीचा कागद काढा. गेट्स-ॲलनच्या मायक्रोसॉफ्टमध्ये सुरुवातीला ठरलं ६०-४०, पुढं झालं ६४-३६, अर्थात मोठा वाटा गेट्सचा. एकाचे वडील कोर्टकचेरीतले आणि दुसऱ्याचे विद्यापीठाच्या ग्रंथालयातले असले, की वाटणी साधारण अशीच होते.

मिट्सशी केलेल्या करारातही एक ओळ होती: बेसिकचे हक्क मिट्सकडे, पण ते इतरांना विकण्यासाठी मिट्सनं प्रामाणिक प्रयत्न करायचे. १९७७ मध्ये मिट्स दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात गेली, प्रयत्न थंडावले आणि लवादानं त्या ओळीवरच मायक्रोसॉफ्टला मोकळं केलं. दरम्यान, १९७६ मध्ये गेट्सनं हौशी ग्राहकांना जाहीर पत्र लिहून तुमच्यातले बहुतेक जण सॉफ्टवेअर चोरतात असं कळवलं होतं. विक्रीपश्चात सेवा ही अशी असावी.

आता खरा डाव. १९८० मध्ये मोठमोठे कॉम्प्युटर बनवणाऱ्या आयबीएमला छोटा कॉम्प्युटर वर्षभरात बाजारात आणायचा होता आणि त्यासाठी ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे यंत्राचा सगळा कारभार बघणारा मूळ प्रोग्रॅम, हवी होती. गेट्सनं त्यांना सीपी/एम नावाची सिस्टिम विकणाऱ्या गॅरी किल्डॉलच्या डिजिटल रिसर्च कंपनीकडे पाठवलं. तिथं गोपनीयतेच्या कागदावर सही करायची की नाही यावर घोडं अडलं. गेट्सनं असल्या कागदावर बिनबोभाट सही केली होती. (आयबीएमचे बडे अधिकारी जॉन ओपेल आणि गेट्सच्या आई एका समाजसेवी संस्थेच्या मंडळावर एकत्र होत्या. आपल्याकडे याला वशिला म्हणतात, तिकडे समाजसेवा.)

सिस्टिम मायक्रोसॉफ्टकडेही नव्हतीच. पण सिॲटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्समधल्या टिम पॅटरसननं किल्डॉलच्या सीपी/एमच्या वळणावर एक लिहिली होती. तिचं मूळ नाव क्यूडॉस, म्हणजे ‘झटपट आणि गचाळ’. मायक्रोसॉफ्टनं आधी २५,००० डॉलर देऊन परवाना घेतला, मग जुलै १९८१ च्या अखेरीस ५०,००० देऊन मालकी. हीच ती डॉस. गिऱ्हाईक आयबीएम आहे हे मात्र विकणाऱ्याला सांगितलं नाही. पंधरा-सोळा दिवसांनी, १२ ऑगस्टला, आयबीएम पीसी बाजारात आला.

घाई नडते ती अशी: मायक्रोसॉफ्टला पैसे न देता आपल्या यंत्रांसोबत डॉस देण्याचा विकणाऱ्याचा हक्क करारात राहून गेला. पुढं त्यानं तोच हक्क बाजारात काढला, प्रकरण कोर्टात गेलं आणि १९८६ मध्ये ९,२५,००० डॉलर मोजून मिटवावं लागलं. मूळ मालापेक्षा एक सैल ओळ कितीतरी महाग पडली. तुम्ही ओळी आवळून बांधा.

आयबीएमशी करताना मात्र सैल ठेवा. गेट्सनं त्यांना डॉस वापरायला दिलं, पण इतरांना देण्याचा हक्क स्वतःकडे ठेवला. पीसीचे बहुतेक सुटे भाग बाजारात मिळणारे, आयबीएमचा खास असा बायोस (यंत्र सुरू करणारा चिपमधला प्रोग्रॅम) तेवढा. कॉम्पॅक कंपनीनं तोही नव्यानं लिहून घेतला: एका गटानं तो काय करतो ते टिपलं आणि मूळ कोड न पाहिलेल्या दुसऱ्या गटानं त्यावरून नवा लिहिला. मग पीसीच्या नकला धो धो आल्या. रस्ता आयबीएमनं बांधला, गाड्या इतरांच्या, नाका गेट्सचा.

नाक्यातही कला आहे. पुढं मायक्रोसॉफ्टनं उत्पादकांशी प्रोसेसरमागे आकारणीचे करार केले. म्हणजे विकलेल्या प्रत्येक यंत्रामागे पैसे, आत डॉस असो वा नसो. किल्डॉलच्या कंपनीचं डीआर-डॉस घालणाऱ्या उत्पादकाला मग दोघांनाही पैसे मोजावे लागत. ही पद्धत अमेरिकी सरकारनं १९९४ मध्ये बंद करायला लावली. तोवर कंपनी शेअर बाजारात येऊन आठ वर्षं झाली होती. मार्च १९८६ मध्ये शेअर २१ डॉलरला निघाला तेव्हा गेट्सकडे सुमारे ४५ टक्के होते, पुढच्याच वर्षी तो एकतिसाव्या वर्षी अब्जाधीश.

शेवटी कोर्ट येतंच. सरकारनं मायक्रोसॉफ्टवर भरलेल्या मक्तेदारीच्या खटल्यात, १९९८ च्या साक्षीत, गेट्सनं ‘आम्ही’ म्हणजे नेमकं कोण, यावरही खल केला. असले साधे शब्द समजेनासे होण्याचा सराव आतापासून करा. एवढं करूनही न्यायाधीश जॅक्सन यांनी २००० मध्ये कंपनीचे दोन तुकडे करायचा आदेश दिला. पण निकालाआधी ते पत्रकारांशी खटल्याबद्दल बोलले होते. वरच्या कोर्टानं २००१ मध्ये आदेश रद्द केला आणि खटलाही त्यांच्याकडून काढून घेतला. तेव्हा वकील अबोल बघा, पण न्यायाधीश बोलका मिळावा म्हणून संकष्टी धरायला हरकत नाही.